औषधातला खंड : कोयनेलच्या पुडीपासून रिफाम्पिसिनच्या गोळीपर्यंत

१/
१९७१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पूल, स्ट्रॅडलिंग आणि वर्लेज या तिघांचा एक लेख प्रसिद्ध झाला. क्षयरोगावर नुकत्याच आलेल्या रिफाम्पिसिन या औषधाची मोठी मात्रा आठवड्यातून दोनदाच दिली असता कोणते गंभीर दुष्परिणाम संभवतात, हा त्याचा विषय होता. त्या दोन-तीन वर्षांत लंडनपासून हाँगकाँगपर्यंतच्या रुग्णालयांतून अशाच नोंदी येत होत्या. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत रुग्णाला हुडहुडी भरे, ताप चढे, अंग मोडून येई. काहींच्या रक्तातील प्लेटलेट एकाएकी घटत. क्वचित एखाद्याच्या तांबड्या पेशी फुटत आणि मूत्रपिंडे बंद पडत.

२/
यातील चमत्कारिक भाग असा की, तेच औषध रोज घेणाऱ्यांमध्ये हा प्रकार फारच क्वचित दिसे. आठवड्यातून दोनदा घेणाऱ्यांमध्ये तो अधिक दिसे आणि आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांमध्ये त्याहूनही अधिक. विषाचा हिशेब असा नसतो. विष जितके जास्त पोटात जाईल तितका अपाय जास्त. येथे मात्र औषध जितक्या अंतराने घेतले, तितके ते अधिक उलटत होते.

३/
या कोड्याचे उत्तर शरीराच्या स्मरणशक्तीत आहे. परंतु वैद्यकाला ही गोष्ट १९७१ साली प्रथमच भेटत नव्हती. तिची आधीची आवृत्ती शंभर वर्षे जुनी होती आणि तिचा एक धागा मुंबई इलाख्यातून जातो. म्हणून आधी क्विनाइनकडे, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या तोंडी असलेल्या 'कोयनेल'कडे, वळणे भाग आहे.

४/
सिंकोना हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले झाड. त्याच्या सालीतून निघणारे क्विनाइन हे एकोणिसाव्या शतकात हिवतापावरचे एकमेव खात्रीचे औषध होते, त्यामुळे साम्राज्ये चालवणाऱ्यांना ते दारूगोळ्याइतकेच मोलाचे वाटे. इंग्रजांनी १८६० च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाचे मळे उभे केले. त्याच दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही सरकारी लागवड झाली. ती साधली नाही आणि काही वर्षांतच सोडून देण्यात आली. आज लिंगमळ्याला धबधबा पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा परिसर एकेकाळी मुंबई इलाख्याचा औषधी मळा व्हायचा होता.

५/
निलगिरी आणि दार्जिलिंगचे क्विनाइन मात्र भरपूर निघाले. ते खेड्यापाड्यांत पोहोचवण्यासाठी सरकारने टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला एक पुडी विकण्याची योजना काढली. १८९० च्या दशकात बंगालात तिची सुरुवात झाली आणि पुढे ती इतर प्रांतांत पसरली. योजना खरोखर कल्पक होती. जिथे दवाखाना नव्हता तिथे निदान टपालवाला तरी होता. पण पुडीत जेमतेम एका मात्रेइतके औषध असे. ताप चढला की माणूस एक पुडी घेई, उतरला की थांबे, पुन्हा चढला की पुन्हा एक घेई. पुढे वसाहतीच्या कागदपत्रांत लोक क्विनाइन नियमित घेत नाहीत, अशी तक्रार वारंवार येते. एकेका पैशाची पुडी विकणाऱ्याने नियमितपणाची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी, हा प्रश्न मात्र त्या कागदपत्रांत शोधून सापडत नाही.

६/
क्विनाइन काही जणांना उलटते, ही गोष्टही दबक्या आवाजात नोंदली जात होती. १८६५ मध्ये व्हायपन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये क्विनाइन घेतल्यावर अंगावर जांभळे-तांबडे डाग उठल्याचे कळवले. हा प्लेटलेट घटून त्वचेखाली होणारा रक्तस्राव होता. १८७० च्या दशकात सिसिलीतील कातानिया येथील तोमासेल्ली याने क्विनाइननंतर लघवीतून रक्तरंग जाणारे रुग्ण वर्णिले. आणि उष्ण कटिबंधातील गोऱ्या अधिकाऱ्यांत व मळेवाल्यांत एका भयंकर विकाराची दहशत पसरली. हिवतापाच्या जुन्या रोग्याला अचानक थंडी वाजे, कंबरेत कळ येई आणि लघवी काळ्या कॉफीसारखी होई. इंग्रजीत याला 'ब्लॅकवॉटर फीव्हर' म्हणत. तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत, त्यांतील हिमोग्लोबिन मूत्रपिंडांत उतरे. लघवी थांबली की रोगी सहसा वाचत नसे.

७/
हा हिवतापाचाच उग्र अवतार की क्विनाइनचा अपराध, यावर मोठा वाद झाला. पूर्व आफ्रिकेत रोगी पाहिल्यावर खुद्द रॉबर्ट कॉखने १८९८ च्या सुमारास क्विनाइनला दोषी धरले. दुसरा पक्ष म्हणे, औषधाला बदनाम कराल तर माणसे हिवतापानेच मरतील. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणून तर वाद मिटेना.

८/
भारतात या विकाराचा अभ्यास करण्यासाठी क्रिस्टोफर्स आणि बेंटली हे दोन डॉक्टर उत्तर बंगालातील दुआर भागाच्या चहाच्या मळ्यांत गेले. त्यांचा अहवाल १९०८ चा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९०९ मध्ये, मुंबईत भरलेल्या वैद्यक परिषदेत या दोघांनी 'मानवी घटक' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध मांडला. हिवतापाची कारणे केवळ डास आणि दलदल यांत शोधू नका, असे त्याचे सांगणे होते. मजुरांच्या टोळ्या दूरदूरच्या मुलखांतून एका जागी आणून कोंबल्या जातात, अर्धपोटी राबवल्या जातात. रोग सोसलेली आणि न सोसलेली माणसे अशी एकत्र आली की साथ पेटते. सरकारी नोकरीतील दोन डॉक्टरांनी १९०९ साली मुंबईत उभे राहून हे बोलावे, याचे मोल आज वाचतानाही जाणवते.

९/
बेंटली पुढे मुंबईच्याच हिवतापाच्या चौकशीवर नेमले गेले आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. शहरातील विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे त्यांनी बोट दाखवले. विहिरी झाकण्याच्या हुकमावरून नंतर जे रण माजले, त्याची कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

१०/
काळ्या लघवीच्या तापाचा पुरता उलगडा आजही झालेला नाही. हिवतापाचा जंतू, काही लोकांच्या तांबड्या पेशींतील उपजत उणीव आणि क्विनाइन, अशी तीन कारणे त्यात गुंतलेली असावीत. पण दोन निरीक्षणे टिकली. एक, हा विकार नियमित क्विनाइन घेणाऱ्यांपेक्षा ते सोडून-धरून घेणाऱ्यांत अधिक दिसे. दोन, दुसऱ्या महायुद्धानंतर क्विनाइनची जागा क्लोरोक्विनने घेतली आणि हा विकार जवळजवळ नाहीसा झाला.

११/
कोड्याची किल्ली मिळाली ती एका झोपेच्या गोळीमुळे. 'सेडॉर्मिड' नावाची ही गोळी घेणाऱ्या काही जणांच्या अंगावर व्हायपनने पाहिले तसेच डाग उठत. लंडनच्या ॲक्रॉइडने १९४९ मध्ये एक साधा आणि सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अशा रुग्णाचे रक्तद्रव आणि प्लेटलेट परीक्षानळीत एकत्र केले, काही झाले नाही. त्यात सेडॉर्मिड टाकले आणि प्लेटलेट गोळा होऊन नष्ट होऊ लागल्या. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात सेडॉर्मिड कितीही टाकले तरी प्लेटलेट शाबूत राहिल्या.

१२/
म्हणजे औषध हे स्वतः मारेकरी नव्हते. रुग्णाच्या रक्तात त्या औषधाची ओळख ठेवणारी प्रतिपिंडे तयार झाली होती. औषध हजर असेल तेव्हाच ती पेशीला चिकटत आणि पेशीचा नाश ओढवत. औषध थांबवले की काही दिवसांत प्लेटलेट पूर्ववत होत. प्रतिपिंडे मात्र रक्तात राहत, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे.

१३/
पुढील वीस वर्षांत या घराण्यातील एकेक सदस्य उजेडात येत गेला. क्विनिडिन, पेनिसिलिनच्या फार मोठ्या मात्रा, रक्तदाबावरील मिथिलडोपा. मिथिलडोपाची तऱ्हा आणखी निराळी: ते प्रतिपिंडांना थेट स्वतःच्याच तांबड्या पेशींवर सोडते, मग औषध हजर नसले तरी चालते. १९६६ मध्ये हे दाखवणाऱ्या चमूत शीला वर्लेज होत्या. धाग्याच्या आरंभी रिफाम्पिसिनच्या लेखावर ज्या वर्लेज यांचे नाव आले, त्या याच. क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात नेमके काय शोधायचे, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

१४/
आता रिफाम्पिसिन. १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट राफाएलजवळच्या पाइनवनातून आणलेल्या मातीत मिलानच्या लेपेटिट कंपनीला एक जंतू सापडला. त्याच्यापासून निघालेल्या द्रव्यांना प्रयोगशाळेत 'रिफिफी' या गाजलेल्या फ्रेंच गुन्हेपटावरून लाडाचे नाव पडले आणि तेच पुढे रूढ झाले. त्यांत सुधारणा करत १९६५ मध्ये पोटात घेण्याजोगे रिफाम्पिसिन तयार झाले. क्षयाचा दीड वर्षाचा उपचार पुढे सहा महिन्यांवर आला, त्यात या औषधाचा वाटा सर्वांत मोठा.

१५/
पण ते महाग होते. रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा दिले तर खर्च वाचेल आणि परिचारिकेला प्रत्येक गोळी आपल्या डोळ्यांसमोर गिळवता येईल, असा विचार पुढे आला. गरीब देशांच्या दृष्टीने तो तर्कशुद्धच होता. प्रयोग झाले आणि पहिल्या पोस्टमधील रुग्ण दिसू लागले. मात्रा मोठी आणि मधले अंतर लांब असेल तर धोका अधिक, हे या प्रयोगांतूनच कळले.

१६/
अंतराने काय बिघडते? प्रचलित स्पष्टीकरण असे: औषध रोज शरीरात येत असेल तर तयार होणारी थोडीथोडकी प्रतिपिंडे त्याच्याशी बांधली जाऊन संपत राहतात. मध्ये औषध नसेल तर ती साठत जातात. मग बऱ्याच दिवसांनी गोळी आली की सारी फौज एकदम तुटून पडते. या प्रतिपिंडांचे एक लक्ष्य तांबड्या पेशीवरील 'आय' नावाचा प्रतिजन आहे आणि तोच प्रतिजन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींवरही आढळतो. म्हणून रक्त आणि मूत्रपिंड ही दोन दूरची ठिकाणे एकाच वेळी सापडतात. त्यात फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनचा मारा मूत्रपिंडांवर होतो तो वेगळाच.

१७/
हे सारे माहीत असताना १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने कुष्ठरोगासाठी रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा देण्याची शिफारस केली. वरवर पाहता ही विसंगती वाटते, पण निर्णय विचारपूर्वक होता. कुष्ठाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, एका मात्रेत त्याचा बहुतांश नाश होतो. मात्रा ६०० मिलिग्रॅमच ठेवली आणि ती कर्मचाऱ्यासमोर घ्यायची. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते, त्यामुळे वाट पाहण्याची सोयही नव्हती.

१८/
हा बहुविध उपचार भारतात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबवला गेला त्यांत वर्धा होता. मनोहर दिवाणांचे दत्तपूर, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, डॉ. वारदेकरांनी घरोघर पाहणी करून उभारलेली कामाची पद्धत, हा सारा वारसा तेथे तयार होता. मासिक मात्रेनंतर रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे बंद पडल्याच्या तुरळक नोंदी भारतातून नंतर आल्या, पण त्या तुरळकच. दुर्मिळ अपाय आणि लाखोंचा लाभ यांचा हा सौदा इतिहासाने योग्य ठरवला, असे म्हणायला हरकत नाही.

१९/
क्षयाच्या बाबतीत हिशेब इतका सरळ नाही. १९९३ पासून चाचणी घेऊन १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमाने आठवड्यातून तीनदा, म्हणजे एक दिवसाआड, औषध देण्याची पद्धत स्वीकारली. रिफाम्पिसिनची मात्रा बहुतेकांना ४५० मिलिग्रॅम. २००६ पर्यंत सारा देश या पद्धतीखाली आला. मात्रा माफक असल्याने १९७१ सारखे प्रकार सर्रास घडले नाहीत. पण देश मोठा, रुग्ण अगणित. त्यामुळे दुर्मिळ गोष्टही रुग्णालयांच्या दारी येत राहिली. २००२ मध्ये चेन्नईच्या डॉक्टरांनी रिफाम्पिसिनमुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या २५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी रुमानियातून ६० रुग्णांचा आला होता. अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा भेटतो तो रुग्ण एकाच साच्याचा: पूर्वी औषध घेतलेला, मध्ये थांबलेला आणि पुन्हा सुरू केलेला. समाधान एवढेच की, वेळीच ओळखून डायलिसिसचा आधार दिला तर बहुतेकांची मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागतात.

२०/
जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर केंद्राने नऊ महिन्यांत देशभर रोजची पद्धत आणण्याचे मान्य केले. आरंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. येथे एक गोष्ट स्पष्ट ठेवली पाहिजे. हा बदल प्रतिपिंडांच्या भीतीने झालेला नाही. एक दिवसाआडच्या पद्धतीत रोग उलटण्याचे आणि जंतू औषधाला सरावण्याचे भय अधिक, हे त्यामागचे मुख्य कारण होते. रक्त आणि मूत्रपिंडांचा लाभ त्याबरोबर आपसूक पदरात पडला.

२१/
गोळी रोजची झाली, पण खंड सरला नाही. याचे कारण पाहायला करमाळ्यासारखा तालुका पुरे. एका अंगाला उजनीच्या फुगवट्याचे पाणी आणि उसाचे फड, दुसऱ्या अंगाला कोरडवाहू रान. तालुक्यात आदिनाथ आणि मकाई हे दोन सहकारी कारखाने. हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे पेटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. सोलापूर जिल्ह्याच्या या उसाच्या पट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडून कोयते येतात. मुकादमाची उचल अंगावर असते, कोपी आज या फडात तर पंधरवड्याने दुसऱ्या. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. गावच्या आरोग्य केंद्रात सुरू झालेली गोळी हंगामात कोणाच्या हातून मिळणार, हा प्रश्न १९०९ च्या त्या मुंबईच्या निबंधाच्या फार जवळचा आहे.

२२/
कधी खंड रुग्णाकडून पडतच नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या संयुक्त गोळ्यांचा पुरवठा इतका आटला की केंद्राला राज्यांना पत्र लिहून तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले. महाराष्ट्रातही टंचाईच्या बातम्या आल्या. त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असते. अशा वेळी केंद्रावरून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाच्या कार्डावर जी कोरी घरे राहतात, ती हलगर्जीपणाच्या कोरड्या घरांसारखीच दिसतात.

२३/
एक व्यावहारिक बाब, कारण असे धागे वाचून गैरसमज सहज होतो. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू यांना तांबूस-नारिंगी रंग येतो. तो निरुपद्रवी आहे आणि त्याला घाबरून गोळी सोडणे हाच खरा धोका. काळजीची गोष्ट वेगळी: खंडानंतर गोळी घेतल्यावर काही तासांत थंडी-ताप, ओकाऱ्या, कंबरेत कळ, गडद तपकिरी लघवी किंवा लघवीचे प्रमाण घटणे, अंगावर जांभळे ठिपके. अशा वेळी पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे असते. रक्ताचा वा मूत्रपिंडाचा असा आघात रिफाम्पिसिनने एकदा झाला की त्या रुग्णाला ते पुन्हा देत नाहीत, दुसरी औषधे योजतात.

२४/
म्हणूनच नव्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एक जुना प्रश्न आजही असतो: क्षयाचे औषध यापूर्वी कधी घेतले होते काय, किती दिवस, आणि ते कधी थांबले? कोपीतून कोपीत हिंडलेल्या माणसाला याचे उत्तर तारखेत देता येत नाही. तो बहुधा हंगामाच्या हिशेबात देतो.